डोंगर उतरलेली माणसे

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्क उभे राहते. आभाळाला भिडलेल्या इमारती, मोटारींची रांग, दिव्यांचा लखलखाट. त्या देशात गरिबीही असते आणि तीही गोऱ्या माणसांच्या घरात असते, हे आपल्या ध्यानात सहसा येत नाही. परंतु या संपन्न देशाच्या पूर्व अंगाला एक जुनी डोंगररांग पसरलेली आहे. ॲपलेशियन हे तिचे नाव. उत्तरेस कॅनडापासून दक्षिणेस अलाबामा राज्यापर्यंत सुमारे पंधराशे मैल ती गेली आहे. उंचीने पाहावे तर ती हिमालयाच्या गुडघ्याशीही लागत नाही. तिचे सर्वांत उंच शिखर मिचेल, ते अवघे ६,६८४ फूट. पण वयाने ती हिमालयाची पणजी शोभेल.

या डोंगरांच्या घड्यांत अरुंद दऱ्या आहेत. पुस्तकी इंग्रजीत तिला 'हॉलो' म्हणतात, तेथील लोक 'हॉलर' म्हणतात. एका दरीत पाचदहा घरे, एक ओढा आणि ओढ्याच्या कडेकडेने जाणारी वाट. मूळचे रहिवासी चेरोकी. त्यांच्यापैकी बहुतेकांना १८३८ मध्ये लष्कर लावून मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले. त्यांच्या भूमीत स्कॉटलंड, आयर्लंड, जर्मनी येथून आलेल्यांच्या गरीब कुळांनी घरे बांधली. मका पेरावा, डुक्कर पाळावे, चोरून दारू गाळावी आणि रविवारी देवळात जावे, असा त्यांचा क्रम. पुढे १८८० नंतर आगगाडी डोंगरात शिरली आणि कोळसा खाली नेऊ लागली. मग कोळशाच्या कंपन्यांनी गावेच्या गावे वसवली. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, आणि पुष्कळ ठिकाणी मजुरीही कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या नाण्यांत! १९०७ च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगा येथील खाणीत स्फोट झाला, त्यात साडेतीनशेहून अधिक माणसे एका सकाळी गेली. डोंगरातून एवढी संपत्ती बाहेर गेली, पण डोंगर गरीबच राहिला. इतका की, १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा ते दाखवण्यासाठी केंटकीतल्या आयनेझ या डोंगरी गावाजवळ एका मजुराच्या ओसरीवर जाऊन बसावे लागले.

आणि गंमत अशी की, या दऱ्याखोऱ्यांतून कोळशाबरोबर माणसेही निघाली. अशी माणसे, की जगाने त्यांची नावे पाठ केली. ती कशी निघाली? गावामुळे निघाली, की गाव सोडले म्हणून निघाली? मी पडलो शाळामास्तर. माझे डोळे आधी त्या गावातील शाळेकडे जातात.

वेस्ट व्हर्जिनियात माल्डन नावाचे गाव आहे. तेथे मिठाच्या भट्ट्या होत्या. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलाम मोकळे झाले आणि जेन नावाची एक बाई आपली मुले घेऊन व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून तेथे आली. तिचा नवरा भट्टीवर कामाला होता. धाकट्या बुकरलाही त्याने मीठ पिंपांत भरण्याच्या कामाला जुंपले. त्यांच्या पिंपांवर '१८' हा आकडा घातलेला असे. बुकर पहिली जी गोष्ट वाचावयास शिकला, ती हा आकडा. अक्षर तर त्याला एकही येत नव्हते! मग आईने, स्वतः निरक्षर असताना, कोठून तरी एक बाराखडीचे पुस्तक मिळवले. पहाटेपासून काम करावे, मग शाळेत जावे, शाळा सुटल्यावर पुन्हा काम. शाळेत पहिल्या दिवशी आडनाव विचारले. गुलामाच्या पोराला आडनाव कोठले? त्याने जागच्या जागी सांगून टाकले : वॉशिंग्टन.

पुढे कोळशाच्या खाणीत काम करताना दोन मजुरांचे बोलणे त्याच्या कानी पडले. काळ्या मुलांसाठी हॅम्प्टन येथे एक मोठी शाळा आहे म्हणे. १८७२ मध्ये सोळा वर्षांचा हा पोरगा निघाला. सुमारे पाचशे मैलांची वाट. थोडी गाडीने, बरीचशी पायी. रिचमंड शहरात लाकडी पदपथाच्या खाली झोपून त्याने रात्री काढल्या. हॅम्प्टनला पोचला तेव्हा त्याच्या अवताराकडे पाहून बाईंनी त्याला प्रवेश देण्याऐवजी एक खोली झाडावयास सांगितली. त्याने ती तीनदा झाडली आणि चारदा पुसली. तीच त्याची प्रवेशपरीक्षा! माल्डनमध्ये भट्टीच्या मालकाच्या घरी त्याने नोकरी केली होती. त्या मालकीणबाईंना धुळीचा कण खपत नसे. ती नोकरी अशी कामास आली.

ज्या सुमारास हा मुलगा हॅम्प्टनच्या वर्गात बसला, त्याच सुमारास, १८७३ मध्ये, आपल्या पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण जोतीरावांच्या त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ कोणाला विचारावयाचा असता, तर तो त्या पोराला विचारावा लागला असता.

बुकर टी. वॉशिंग्टन शिकून प्रथम माल्डनलाच परतला आणि तेथे मास्तर झाला. १८८१ मध्ये तो अलाबामातील टस्कीगी येथे गेला आणि तेथे त्याने उभारलेली संस्था जगाच्या नकाशावर आली. गोऱ्यांशी त्याने फार नमते घेतले, अशी टीका त्याच्यावर त्याच्याच लोकांनी केली, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी '१८' या आकड्यापासून सुरुवात केली होती?

माल्डन सोडून थोडे पश्चिमेला, केंटकीत जाऊ. रोवन नावाचा तेथील परगणा. १८८४ पासून तीन वर्षे तेथे दोन पक्षांत इतके खून पडले की, तेथील लोक त्याला युद्धच म्हणत. अशा या परगण्यात १९११ मध्ये कोरा विल्सन स्टुअर्ट नावाची बाई शाळांची अधिकारी होती. मोठ्या माणसांना अक्षरओळख नाही, ही गोष्ट तिला सलत होती. एक म्हातारी दूर शिकागोत असलेल्या मुलीची पत्रे वाचून घेण्यासाठी तिच्याकडे येत असे. एके दिवशी ती आली आणि पत्र स्वतःच वाचू लागली. ओढ्याला पूर आला की वाट बंद होते, मुलीचे पत्र तसेच पडून राहते; म्हणून तिने धडपडून वाचावयास शिकून घेतले होते.

कोराबाईंनी ठरवले की, रात्रीची शाळा काढावयाची. पण डोंगरात रात्रीचे चालणार कसे? म्हणून चांदण्या रात्री निवडल्या. त्यांना वाटले, दीडशे लोक आले तरी पुष्कळ. पहिल्याच सत्रात सुमारे बाराशे आले! अठरा वर्षांच्या जवानापासून शहाऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत. कडेवर पोर घेऊन बायका आल्या. त्यांना मुलांचे पुस्तक दिले तर लाज वाटेल, म्हणून बाईंनी एक छोटे वर्तमानपत्रच छापले. त्यात गावातल्याच बातम्या, सोप्या शब्दांत. शिकवणारे शिक्षक दिवसा मुलांना शिकवून रात्री फुकट येत. या चांदण्यातील शाळांतून कोणी जगप्रसिद्ध झाला नाही. पण मला विचाराल तर, या लेखातील सर्व नामवंतांच्या ओळीत त्या म्हातारीला मी पहिली बसवीन.

आता एका बापाची गोष्ट. व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज हे वेस्ट व्हर्जिनियातील झऱ्यांचे गाव. श्रीमंत लोक तेथे हवापालटाला येत. तेथील ग्रीनब्रायर नावाच्या प्रचंड हॉटेलाखाली अमेरिकेच्या संसदेसाठी अणुयुद्धात लपावयाचे तळघर खणून ठेवले होते आणि ते गुपित १९९२ पर्यंत टिकले, हे जाता जाता सांगतो. त्याच गावात १९१८ मध्ये कॅथरीन कोलमन जन्मली. तिला मोजण्याचे वेड. पायऱ्या मोजायची, धुतलेली ताटे मोजायची. तिचे वडील सहावीच्या पुढे शिकले नव्हते. पण उभ्या झाडाकडे पाहून त्यातून किती फळ्या निघतील ते सांगत. तेथे काळ्या मुलांची शाळा आठवीला संपत असे. मग या बापाने काय केले? सव्वाशे मैलांवरच्या इन्स्टिट्यूट या गावी घर घेतले, बायको आणि चार मुले तेथे ठेवली, आणि आपण गावातच राबत राहिला. वर्षानुवर्षे शाळेच्या दिवसांत कुटुंब तिकडे आणि उन्हाळ्यात इकडे.

कॅथरीन चौदाव्या वर्षी शाळा आणि अठराव्या वर्षी कॉलेज संपवून मोकळी झाली. कॉलेजात क्लेटर नावाचे एक काळे प्राध्यापक होते, गणितातील डॉक्टर. त्यांनी या मुलीची बुद्धी पाहून अवकाशभूमितीचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम तयार केला. त्या वर्गात विद्यार्थिनी ती एकटीच! पुढे काही काळ मास्तरकी करून १९५३ मध्ये ती सरकारी विमानसंशोधन केंद्रात हिशेबनीस म्हणून लागली. १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा यंत्राने केलेले गणित त्याला पुरेना. त्या मुलीकडून आकडे तपासून घ्या, तिने बरोबर म्हटले तर मी जातो, असे त्याने सांगितले. ती 'मुलगी' तेव्हा त्रेचाळीस वर्षांची, तीन मुलींची आई होती. २०१५ मध्ये राष्ट्राचे सर्वोच्च नागरी पदक तिला मिळाले आणि २०२० मध्ये १०१ वर्षांची होऊन ती गेली. कॅथरीन जॉन्सन हे तिचे नाव आता मुलांच्या पुस्तकांत आहे. त्या बापाचे नाव जोशुआ. तेही असावयास हवे.

या राज्याच्या दक्षिण टोकाला मॅकडॉवेल परगणा आहे. त्याला लागून ब्लूफील्ड हे रेल्वेचे गाव. तेथे १९२८ मध्ये जॉन नॅश जन्मला. आई शिक्षिका, वडील वीज कंपनीत इंजिनिअर. आईबापांनी घरात ज्ञानकोश आणून ठेवला होता, तो वाचून हा मुलगा शाळेच्या पुढे धावत राहिला. १९९४ मध्ये नोबेल, २०१५ मध्ये गणिताचे आबेल पारितोषिक, आणि ते घेऊन परतताना विमानतळावरून घरी जाताना मोटार-अपघातात पतिपत्नी दोघांचा अंत. मधली तीस वर्षे वेडाच्या काळोखात गेली. त्याच्या चरित्रावर निघालेला चित्रपट आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला आहे.

पण मला सांगावयाचे आहे ते मॅकडॉवेलमधील कोलवुडबद्दल. या गावाचे नावच मुळी कोळशावरून. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि या गावातील पोरे अंगणात उभी राहून तो ठिपका पाहू लागली. खाणीच्या अधीक्षकाचा मुलगा होमर हिकम त्यात होता. त्याने अग्निबाण करावयाचा ठरवला. पहिल्याच प्रयोगात आईच्या बागेचे कुंपण उडाले! वडिलांना हा नाद पसंत नव्हता. कोलवुडचा मुलगा एक तर फुटबॉल खेळून शिष्यवृत्ती मिळवतो, नाही तर खाणीत उतरतो. तिसरी वाट त्यांनी पाहिली नव्हती.

ही मुले शेजारच्या वॉर या गावातील बिग क्रीक शाळेत जात. (गावाचे नाव वॉर म्हणजे युद्ध, तेथील एका ओढ्यावरून पडले आहे.) त्या शाळेत फ्रीडा रायली नावाची तरुण शिक्षिका विज्ञान शिकवत होती. तिने या मुलांची टर उडवली नाही. तिने त्यांना अग्निबाणांच्या रचनेवरचे एक जाडजूड पुस्तक मिळवून दिले. ते समजावयास कलनशास्त्र लागते. तेव्हा मुलांनी ते शिकून घेतले. खाणीच्या कारखान्यातील लोहारांनी चोरून लोखंडी नळ्या कातून दिल्या. जळणासाठी जस्ताची पूड, गंधक आणि डोंगरात चोरून गाळलेली दारू यांचे मिश्रण! कोळशाच्या टाकाऊ मातीचे मैदान हे त्यांचे उड्डाणकेंद्र. हळूहळू शनिवारी सारे गाव बघावयास जमू लागले. १९६० मध्ये राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शनात या खाणमजुरांच्या गावाला सुवर्णपदक मिळाले. वडील शेवटच्या उड्डाणाला आले होते, असे हिकमने आपल्या आठवणींत लिहिले आहे.

हिकम पुढे खरोखरच अमेरिकेच्या अवकाशसंस्थेत इंजिनिअर झाला. १९९८ मध्ये त्याने या आठवणींचे पुस्तक लिहिले, पुढच्या वर्षी त्यावर चित्रपट निघाला. फ्रीडा रायलीला तेव्हाच रक्तग्रंथींचा कर्करोग झालेला होता. त्याही स्थितीत ती वर्गावर येत राहिली. १९६९ मध्ये, नुकतीच तिशी ओलांडलेली असताना, ती वारली. त्या वर्षी माणूस चंद्रावर पोचला होता.

आणि गावाचे काय झाले? १९६१ मध्ये सरकारने गरिबांसाठी धान्याची कुपने काढली, ती पहिल्यांदा वाटली गेली ती याच परगण्यात, वेल्च येथे. ज्या डोंगराच्या कोळशावर देशाच्या पोलादाच्या भट्ट्या चालल्या, त्या डोंगरातील माणसाला! कोलवुडची खाण १९८६ मध्ये बंद झाली. बिग क्रीकची शाळा २०१० मध्ये बंद झाली. परगण्यात १९५० मध्ये जवळजवळ ९९ हजार माणसे होती. २०२० मध्ये १९ हजार उरली. हुशार मुलगा गावाबाहेर जावा म्हणून आपण मास्तर लोक जिवाचे रान करतो. तो जातो. मग मागे राहिलेल्या बाकांवर कोण बसते, हा प्रश्न आम्ही आमच्याच मनाशी फारसा विचारत नाही.

सगळ्यांचेच श्रेय गावाला देणे मात्र बरोबर नव्हे. 'द गुड अर्थ' लिहिणारी, १९३८ ची नोबेलविजेती पर्ल बक वेस्ट व्हर्जिनियातील हिल्सबरो येथे जन्मली खरी. पण काही महिन्यांची असतानाच मिशनरी आईबाप तिला चीनला घेऊन गेले. हिल्सबरोकरांनी तिचे घर जपले आहे. जपोत बिचारे! आपल्याला ती आणखी एका नात्याने जवळची आहे : देव आनंदच्या 'गाइड'ची इंग्रजी आवृत्ती निघाली, तिच्या लेखनात पर्ल बकचा हात होता.

काही वेळा गाव एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. उत्तर कॅरोलायनातील डोंगराच्या पायथ्याशी ट्रायॉन नावाचे टुमदार गाव आहे. तेथे १९३३ मध्ये यूनिस वेमन जन्मली. काळ्या कुटुंबातील आठ भावंडांपैकी सहावी. आई धर्मोपदेशिका, आणि पोटासाठी गोऱ्यांच्या घरी घरकाम करणारी. मुलीची बोटे पियानोवर लहानपणीच चालू लागली. गावातील मिसेस माझानोविच या गोऱ्या बाईंनी तिला बाखचे संगीत शिकवले. गावाने वर्गणी काढून तिच्या शिक्षणासाठी निधी उभारला. काळ्यांनीही दिले, गोऱ्यांनीही दिले. मग तिचा जाहीर कार्यक्रम ठरला. आईवडील पुढच्या रांगेत बसले होते. एक गोरे जोडपे आले, तेव्हा त्यांना उठवून मागे बसवू लागले. अकराबारा वर्षांची ती पोर उभी राहिली आणि म्हणाली की, माझे आईवडील जेथे मला दिसतील तेथे बसले तरच मी वाजवीन. सभागृहात काही जण हसले. पण आईवडील पुढे आले.

१९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रख्यात कर्टिस संगीतविद्यालयाने तिला प्रवेश नाकारला. आपल्या रंगामुळेच, असे ती जन्मभर मानत आली. मग ती मद्यगृहांत वाजवू-गाऊ लागली. आईला कळू नये म्हणून नाव बदलले. नीना सिमोन. तिच्या आवाजाने पुढे काळ्यांच्या चळवळीला धार दिली. २००३ मध्ये त्याच विद्यालयाने तिला सन्मानाची पदवी दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी ती वारली. ट्रायॉनमधील तिचे तीन खोल्यांचे लाकडी घर मोडकळीस आले होते. २०१७ मध्ये चार काळ्या चित्रकारांनी ९५ हजार डॉलर देऊन ते वाचवले.

परत फिरलेली माणसेही आहेत, आणि ती मला अधिक आवडतात. टेनेसीतील पॉल मॉल या दरीतील लोहारकाम करणारा ॲल्व्हिन यॉर्क. बायबल हत्येला मना करते म्हणून त्याने आधी लढाईतून सूट मागितली. ती मिळाली नाही. मग १९१८ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये आपल्या मूठभर सोबत्यांसह त्याने १३२ जर्मन पकडून आणले. देशभर जयजयकार झाला, जाहिरातवाले पैशाच्या थैल्या घेऊन मागे लागले. तो मात्र गावाकडे गेला. त्याचे स्वतःचे सारे शिक्षण काही महिन्यांचे. आपल्या डोंगरातील मुलांना शाळा हवी, एवढेच तो म्हणत राहिला, आणि १९२६ मध्ये जेम्सटाउन येथे ती शाळा उभी राहिली. केंटकीचा जेसी स्टुअर्टही तसाच. शालेय शिक्षण पुरे होण्याआधीच तो एका खोलीच्या शाळेवर मास्तर झाला. कविता लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या, मास्तरकीच्या आठवणींचे १९४९ मधील त्याचे पुस्तक शिक्षकांनी डोक्यावर घेतले. आणि राहिला आयुष्याचा बहुतेक काळ आपल्याच डब्ल्यू-हॉलो नावाच्या दरीत.

टेनेसीतील सेव्हियर परगण्यातही असेच एक खोपट होते. तेथे १९४६ मध्ये रॉबर्ट ली पार्टन या शेतकऱ्याला चौथे अपत्य झाले. एकूण पुढे बारा झाली. डॉक्टरांना देण्यास पैसे नव्हते, म्हणून मक्याच्या पिठाचे पोते दिले. ती मुलगी डॉली पार्टन. गाणी रचून आणि गाऊन ती अमेरिकेची लाडकी झाली. भडक कपडे, उंच केस, स्वतःचीच थट्टा. माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाने मान फिरवावी असा सारा थाट. पण बाप निरक्षर होता, अत्यंत हुशार आणि निरक्षर, हे दुःख तिने त्या थाटाखाली जपून ठेवले होते. १९९५ मध्ये बापाच्या नावे तिने आपल्या परगण्यात एक योजना काढली : मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचे होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक, फुकट, टपालाने. पुढे ती डोंगर ओलांडून इतर राज्यांत आणि इतर देशांत गेली. आजवर वीस कोटींहून अधिक पुस्तके वाटली गेली आहेत. बाप २००० मध्ये गेला. सुरुवात त्याने पाहिली होती. मुलीला गावातील पोरे 'पुस्तकवाली बाई' म्हणतात, याचा त्याला तिच्या गाण्यांपेक्षा जास्त अभिमान होता, असे ती सांगते.

पाकिटावर नाव त्या मुलाचेच असते, आईबापांचे नव्हे. अमेरिकेत त्यातून निघणारे पहिले पुस्तक ठरलेले आहे. खेळण्यांनी भरलेले डबे ओढत डोंगर चढून जाणाऱ्या एका लहानशा आगगाडीच्या इंजिनाची ती गोष्ट आहे.